हार्डवेअर आयडी रिकामा येतो, बदलतो किंवा दोन मशीनवर एकच येतो: कोडमधली कारणं आणि उपाय

सॉफ्टवेअरचं लायसन्स एकाच मशीनला बांधायचं म्हणून आपण कोडमधून बोर्डाचा सीरियल नंबर, डिस्कचा नंबर, प्रोसेसर आयडी, मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा पत्ता) वाचतो, सगळं एकापुढे एक जोडतो, त्याचा हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा आकडा) काढतो आणि तीच त्या मशीनची ओळख मानतो. आपल्या टेबलावर हे बिनचूक चालतं. ग्राहकाकडे बसवलं की काही दिवसांनी फोन येतो: "मालक, काल रात्रीपर्यंत चालत होतं, आज बिलच निघंना झालंय. मशीन रजिस्टर नाही म्हणतंय." आपण नवी लायसन्स की देतो, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तोच फोन.

सोलापुरात या त्रासाला खतपाणी घालणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत. नवी पेठेतलं कापड दुकान असो की अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेल-चादरीचा कारखाना, जागोजागी असेंबल केलेली किंवा जुनी घेऊन दुरुस्त केलेली मशीनं दिसतात. कारखान्यात कापसाचे तंतू पंख्यात जाऊन बसतात, उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, बोर्ड जळतात, बदलले जातात, चिप लेव्हलला दुरुस्त होतात. बिल काढणारा माणूस दिवाणजी असतो, त्याला ॲडमिन पासवर्ड माहीत नसतो. ब्रँडेड लॅपटॉपवर लिहून तपासलेला कोड अशा ठिकाणी टिकत नाही. गिऱ्हाईक काउंटरवर उभं असताना बिल अडलं तर नुकसान दुकानदाराचं होतं, म्हणून हा प्रश्न मुळातून सोडवायला हवा.

क्लासची आणि कमांडची नावं खाली उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना नेहमीचंच स्पेलिंग वापरा.

आधी नक्की काय बदललं ते पाहा

हॅश जुळला नाही एवढंच प्रोग्रॅम सांगत असेल तर कितीही डोकं लावलं तरी कारण सापडणार नाही. जोडलेल्या नंबरांतला एक बदलला तरी हॅश पूर्ण बदलतो, आणि कुठला बदलला ते त्यातून कळत नाही.

म्हणून लॉग लिहा. प्रत्येक घटकाची कच्ची किंमत वेगळ्या ओळीत, चौकटी कंसात आणि पुढे तिची लांबी. कंस अशासाठी की शेवटची रिकामी जागा डोळ्याला दिसावी. सोबत तारीख, विंडोजची आवृत्ती, प्रोग्रॅम ३२ बिट आहे की ६४, युजर ॲडमिन आहे की साधा, आणि एरर आला असेल तर त्याचा पूर्ण कोड. एक लॉग लायसन्स देताना, दुसरा ते तुटल्यावर. दोन्ही शेजारी ठेवले की बहुतेक वेळा कारण समोरच दिसतं. ग्राहकाच्या फोनवरून अंदाज बांधत बसण्यापेक्षा ही फाइल व्हॉट्सॲपवर मागवून घ्या.

बोर्डाचा नंबर रिकामा किंवा भलताच येतो

विन३२ बेसबोर्ड, विन३२ बायोस आणि विन३२ कॉम्प्युटरसिस्टिमप्रॉडक्ट हे डब्ल्यूएमआयचे, म्हणजे मशीनची माहिती देणाऱ्या विंडोजच्या यंत्रणेचे, तिन्ही क्लास शेवटी एकाच ठिकाणाहून वाचतात: बायोसमधल्या एसएमबायोस तक्त्यातून, म्हणजे हार्डवेअरच्या माहितीच्या ठरावीक साच्यातल्या यादीतून. तो तक्ता बोर्ड बनवणारा किंवा मशीन जोडणारा भरतो. मोठ्या कंपन्या नीट भरतात. सुटा विकला जाणारा बोर्ड पुष्कळदा न भरताच बाहेर पडतो. मग सीरियल नंबर म्हणून 'टू बी फिल्ड बाय ओईएम', 'डिफॉल्ट स्ट्रिंग', 'सिस्टिम सीरियल नंबर', 'नन' असले शब्द मिळतात, किंवा काहीच मिळत नाही. कोड चुकलेला नसतो, तक्त्यातच तसं लिहिलेलं असतं.

यूयूआयडीची, म्हणजे त्याच तक्त्यातल्या मशीनच्या १६ बाइटी ओळख-क्रमांकाची, तीच गत. सगळी शून्यं आली तर यूयूआयडी नाही, सगळे एफ आले तर अजून भरलेला नाही पण भरता येतो, असं एसएमबायोसचं मानकच सांगतं. शिवाय ०३०००२००-०४००-०५००-०००६-०००७०००८०००९ ही किंमत दिसली तर तीही भरलेल्यात धरू नका. न भरलेल्या अनेक बोर्डांवर हीच असते, म्हणजे तुमच्या दोन ग्राहकांकडेही ती सापडू शकते.

उपाय असा की कोडमध्ये अशा बिनकामाच्या किमतींची यादी ठेवा आणि किंमत त्यात बसली तर तो घटक 'उपलब्ध नाही' म्हणून नोंदवा. तुलना करण्याआधी मागची-पुढची रिकामी जागा काढा आणि सगळं कॅपिटल अक्षरांत आणा. एकच अक्षर पुन्हा पुन्हा आलेली किंवा चार अक्षरांपेक्षा छोटी किंमतही बाद करा. ही यादी लॉग बघत बघत वाढत जाते, म्हणून ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेली बरी.

आता चिप लेव्हल दुरुस्तीचं. बायोस उडाला की कारागीर त्याच मॉडेलची बायोस फाइल मिळवून 'प्रोग्रॅमर' नावाच्या यंत्राने चिपमध्ये भरतो. पुष्कळ बोर्डांवर सीरियल नंबर आणि यूयूआयडी त्याच चिपमध्ये असतात. फाइल ज्या मशीनवरून काढलेली, त्या मशीनचे नंबर मग तुमच्या ग्राहकाच्या मशीनवर येऊन बसतात. मशीन चालू झालं म्हणून कारागिराचं काम संपतं, ग्राहकाला यातलं काही माहीत नसतं, आणि आपल्याला वाटतं की कुणीतरी लायसन्सची नक्कल केली. एकच यूयूआयडी दोन ठिकाणी दिसला तर आधी "अलीकडे मशीन दुरुस्त करून आणलं का?" एवढं विचारा. चोरीचा आळ घेण्याची घाई करू नका. असा एक आळ घेतला की ते गिऱ्हाईक कायमचं तुटतं.

एसएमबायोस २.६ पासून यूयूआयडीच्या पहिल्या तीन गटांमध्ये बाइट उलट्या क्रमाने असतात. डब्ल्यूएमआय ते सरळ करून देतं. तुम्ही कच्चा तक्ता स्वतः वाचून बाइट जसेच्या तसे छापले तर त्याच मशीनचा वेगळा यूयूआयडी मिळतो. प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीत वाचण्याची पद्धत बदलली आणि सगळ्या ग्राहकांचे फोन एकाच दिवशी आले, तर सगळ्यात आधी हेच तपासा.

प्रोसेसर आयडी

याच्यावर भिस्त ठेवू नका. विन३२ प्रोसेसरमधला प्रोसेसर आयडी १६ अंकी आणि फार खास वाटतो, पण तो सीपीयूआयडी सूचनेतून मिळणारी मॉडेलची खूण आणि सुविधांचे बिट यांचाच बनलेला असतो. तो चादरीच्या डिझाइनचा नंबर आहे, नगाचा नाही. एखाद्या पतसंस्थेने एकाच मॉडेलची दहा मशीनं घेतली तर दहाही ठिकाणी तोच येईल. प्रत्येक प्रोसेसरला स्वतंत्र नंबर देण्याचा प्रयत्न इंटेलने १९९९ मध्ये पेंटियम ३ मध्ये केला होता, पण खासगीपणाच्या मुद्द्यावर मोठा विरोध झाला आणि पुढच्या प्रोसेसरांमधून तो नंबर काढून टाकला गेला.

सकाळी तुटतं, दुपारी आपोआप नीट होतं

या तक्रारीने भले भले चक्रावतात. लॉग पाहिला की डिस्कचा नंबर बदललेला दिसतो. कारण साधं असतं: दिवाणजी रात्री पेन ड्राइव्हवर बॅकअप घेतात आणि पेन ड्राइव्ह तसाच राहतो. सकाळी मशीन त्याच्यासकट सुरू होतं. विन३२ डिस्कड्राइव्हची यादी मागवून पहिली नोंद घ्यायची अशी कोडची पद्धत असेल, तर त्या दिवशी पहिली नोंद पेन ड्राइव्हची असू शकते. यादीचा क्रम ठरलेला असेल असं धरून चालणंच चुकीचं आहे. दुसरी हार्ड डिस्क जोडली, बायोसमध्ये सेटिंग बदललं, तरी क्रम हलतो.

म्हणून यादीतून निवडू नका, विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे तिथून उलटं जा. सिस्टिम ड्राइव्हचं अक्षर घ्या, ते बहुतेक सी असतं पण गृहीत धरू नका. त्यावरून विन३२ लॉजिकलडिस्कटूपार्टिशन या जोडणीतून पार्टिशन शोधा, आणि विन३२ डिस्कड्राइव्हटूडिस्कपार्टिशनमधून त्या पार्टिशनची खरी डिस्क. सीरियल नंबर तिचाच घ्या.

डब्ल्यूएमआय टाळायचं असेल तर क्रिएटफाइलने फिजिकलड्राइव्ह उघडा आणि डिव्हाइसआयओकंट्रोलला आयओसीटीएल स्टोरेज क्वेरी प्रॉपर्टी पाठवा. फाइल उघडताना मागितलेले हक्क शून्य ठेवले तर ॲडमिनची गरज पडत नाही. वाचण्याचे-लिहिण्याचे हक्क मागितले की साध्या युजरला ॲक्सेस डिनाइड येतो, आणि 'माझ्याकडे चालतं, त्यांच्याकडे नाही' हा घोळ पुष्कळदा इथूनच सुरू होतो.

नंबर मिळाला तरी त्याचा साचा ठरलेला नसतो. साटा डिस्कच्या सीरियल नंबरला २० अक्षरांची जागा असते आणि उरलेली जागा स्पेसने भरलेली असते. शिवाय जुन्या विंडोजवर तोच नंबर हेक्साडेसिमलमध्ये आणि दोन-दोन अक्षरांची अदलाबदल होऊन मिळायचा. म्हणजे विंडोज ७ वरून १० वर गेलेल्या मशीनची डिस्क तीच आणि नंबर वेगळा. ४० अक्षरं आली आणि सगळी हेक्स असली तर आधी ती उलगडा, जोड्या सरळ करा, स्पेस काढा, मगच तुलना करा. एनव्हीएमई एसएसडीवर मायक्रोसॉफ्टचा ड्रायव्हर असेल तर अंडरस्कोरने तोडलेला आणि शेवटी टिंब असलेला नंबर दिसतो. दुसऱ्या कंपनीचा ड्रायव्हर बसवला की तो वेगळ्या रूपात येऊ शकतो. अंडरस्कोर आणि टिंब काढून टाका, आणि तरीही जुळला नाही तर लगेच लायसन्स बंद करू नका.

'व्हॉल' कमांडने दिसणारा व्हॉल्यूम सीरियल नंबर डिस्कचा नव्हे, फॉरमॅटचा आहे. फॉरमॅट केलं की बदलतो, क्लोन केलं की नकलेबरोबर जातो. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली आणि सगळं क्लोन केलं, तर खरा सीरियल नंबर बदलतो आणि हा मात्र तोच राहतो. दुय्यम खूण म्हणून तो ठेवायला हरकत नाही.

मॅक ॲड्रेस

नेट गेलं की कुणीतरी मोबाइल केबलने जोडून हॉटस्पॉट चालू करतं. तेवढ्यात मशीनवर एक नवं नेटवर्क कार्ड उगवतं आणि पहिलं चालू कार्ड घेणारा कोड त्याचा पत्ता उचलतो. व्हीपीएन, ब्लूटूथ, व्हर्च्युअल मशीनची कार्डं हीसुद्धा त्याच यादीत असतात. वायफायवर विंडोजमध्ये यादृच्छिक पत्त्याची सोय चालू असेल तर पत्ता मुद्दामच बदलता ठेवलेला असतो. आणि कार्ड डिसेबल केलेलं असेल तर विन३२ नेटवर्कॲडॅप्टर मॅकच्या जागी नल, म्हणजे रिकामी किंमत, देतं. ते न तपासता वापरलं की प्रोग्रॅम कोसळतो.

चाळणी अशी लावा: फिजिकलॲडॅप्टरची किंमत 'ट्रू' असावी, पीएनपी डिव्हाइस आयडीची सुरुवात पीसीआयने व्हावी आणि पत्त्याचा दुसरा हेक्स अंक २, ६, ए किंवा ई नसावा. हे चार अंक म्हणजे पत्ता सॉफ्टवेअरने दिलेला असल्याची खूण. विंडोज ८ पासून एमएसएफटी नेटॲडॅप्टर या क्लासमध्ये पर्मनंटॲड्रेस मिळतो. कार्डावर मुळात कोरलेला पत्ता हवा असेल तर तो घ्या. एवढं करूनही मॅकला कमी वजन द्या.

मशीन जीयूआयडी

विंडोजच्या प्रत्येक बसवणीला मिळणारा हा ओळख-क्रमांक रजिस्ट्रीत लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, क्रिप्टोग्राफी या वाटेवर असतो. विंडोज बसवताना तयार होतो आणि वाचायला ॲडमिन लागत नाही. दोन अडचणी मात्र ठरलेल्या.

पहिली, प्रोग्रॅम ३२ बिट आणि विंडोज ६४ बिट असेल तर रजिस्ट्रीची वाट परस्पर दुसऱ्या फांदीकडे वळवली जाते आणि तिथे ही किंमत सापडत नाही. रजिस्ट्री उघडताना 'की वाऊ६४ ६४की' हा फ्लॅग द्या. डॉटनेटमध्ये रजिस्ट्रीव्ह्यू ६४ मागा. आपल्याकडे व्हीबी ६ मधले जुने प्रोग्रॅम अजून चालतात आणि ते ३२ बिटच असतात, म्हणून ही अडचण वरचेवर भेटते.

दुसरी, जुनी मशीनं घाऊक विकणारे एका मशीनवर विंडोज बसवून त्याचीच इमेज सगळ्यांवर उतरवतात. मग पूर्ण लॉटचा जीयूआयडी एकच. एकटा हा नंबर ओळख म्हणून पुरत नाही.

विंडोज अपडेटनंतर काहीच वाचता येत नाही

प्रोग्रॅम आतून 'डब्ल्यूएमआयसी' कमांड चालवून तिचं उत्तर वाचत असेल तर ती पद्धत आजच सोडा. विंडोज १० च्या २१एच१ पासून ही कमांड मोडीत काढल्याचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं होतं, आणि विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये ती मुळात बसवलेलीच नसते. गेली ती फक्त कमांड. खालची डब्ल्यूएमआय यंत्रणा जागेवर आहे. डॉटनेटमधून सिस्टिम डॉट मॅनेजमेंट, सी प्लस प्लसमधून कॉम, पॉवरशेलमधून गेट-सिमइन्स्टन्स वापरा. जुनं गेट-डब्ल्यूएमआयऑब्जेक्ट पॉवरशेल ७ मध्ये नाही. व्हीबीस्क्रिप्टही मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये मोडीत काढायला घेतलं, म्हणून तो आडमार्गही नको.

ज्यांच्याकडे ही कमांड अजून चालते त्यांनीही एक पाहून घ्या: तिच्या उत्तरात ओळीच्या शेवटी जादा कॅरेज रिटर्न येतो आणि तो सीरियल नंबरला चिकटतो. पडद्यावर दोन नंबर एकसारखे दिसतात, तुलना मात्र खोटी ठरते. चौकटी कंस आणि लांबी लॉगमध्ये ठेवायला सांगितली ती अशाच वेळी कामाला येते.

डब्ल्यूएमआय स्वतःच बिघडलेलं असू शकतं. एररमध्ये ०एक्स८००४१०१० म्हणजे इनव्हॅलिड क्लास दिसला, तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'विनएमजीएमटी' ला व्हेरिफायरिपॉझिटरी हा पर्याय देऊन चालवा. 'इनकन्सिस्टंट' असं उत्तर आलं तर साल्व्हेजरिपॉझिटरी. रीसेटरिपॉझिटरी शेवटचा पर्याय म्हणून ठेवा, कारण दुसऱ्या सॉफ्टवेअरांनी तिथे केलेल्या नोंदी त्यात जाऊ शकतात. ०एक्स८००४१००३ आला तर प्रश्न हक्कांचा आहे, आणि ०एक्स८००७०४२२ आला तर सर्व्हिस बंद करून ठेवलेली आहे. मशीन 'फास्ट' करून देतो म्हणणाऱ्या टूलनेही ती बंद केलेली असते.

माझं मत विचाराल तर बोर्डाची माहिती डब्ल्यूएमआयकडून घेऊच नये. गेटसिस्टिमफर्मवेअरटेबल हे फंक्शन व्हिस्टापासून आहे, 'आरएसएमबी' ही खूण दिली की पूर्ण एसएमबायोस तक्ता हातात येतो, सर्व्हिस लागत नाही, ॲडमिन लागत नाही आणि उत्तर झटक्यात मिळतं. पहिले ८ बाइट शीर्षकाचे, ते सोडा. पुढे एकामागून एक नोंदी. प्रत्येक नोंदीचा पहिला बाइट प्रकार, दुसरा लांबी. प्रकार १ मध्ये ८ व्या स्थानापासून १६ बाइटचा यूयूआयडी. प्रकार २ म्हणजे बोर्ड, त्यात ७ व्या स्थानी सीरियल नंबर. मात्र तिथे अक्षरं नसतात, कितवी स्ट्रिंग वाचायची तो क्रमांक असतो. नोंदीची ठरलेली लांबी संपली की स्ट्रिंगा सुरू होतात, मोजणी १ पासून, आणि दोन शून्य बाइट लागोपाठ आले की नोंद संपली. क्रमांक ० असेल तर तिथे काही लिहिलेलंच नाही.

लिनक्सवर हीच माहिती सिस फोल्डरमधल्या क्लास, डीएमआय, आयडी या वाटेवर मिळते. प्रॉडक्ट यूयूआयडी आणि बोर्ड सीरियल तिथे फक्त रूटला (लिनक्सच्या ॲडमिनला) वाचता येतात; साध्या युजरसाठी ईटीसीमधला मशीन-आयडी वापरा.

कायमचा उपाय

सगळे नंबर जोडून एकच हॅश करणं थांबवा. प्रत्येक घटकाचा मीठ (सॉल्ट, म्हणजे हॅश काढण्याआधी जोडायचा जादा मजकूर) घालून वेगळा शा-२५६ हॅश ठेवा आणि प्रत्येकाला वजन द्या. मी यूयूआयडी ३, सिस्टिम डिस्क ३, बोर्ड सीरियल २, मशीन जीयूआयडी २ आणि मॅक १ असं धरतो; प्रोसेसर आयडीला ०. बिनकामाची किंमत असलेला घटक नोंदणीच्या वेळीच मोजणीतून वगळायचा. उरलेल्या एकूण वजनाच्या निम्मं किंवा जास्त जुळलं तर मशीन तेच समजायचं आणि बदललेल्या घटकाचा नवा हॅश गुपचूप लिहून ठेवायचा. अशाने आज डिस्क, सहा महिन्यांनी लॅन कार्ड असे हळूहळू होणारे बदल विनातक्रार पचतात. हार्डवेअर थोडं बदललं तरी चालवून घेण्याचा हाच विचार मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये विंडोज एक्सपीच्या ॲक्टिव्हेशनमध्ये वापरला होता.

निम्म्यापेक्षा कमी जुळलं तरी बिल अडवू नका. वर एक पट्टी दाखवा, १५ दिवसांची मुदत द्या आणि पडद्यावर तुमचा नंबर ठेवा. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत किंवा दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात दुकानदाराला आपल्याशी बोलायलाही सवड नसते. अहवाल किंवा जास्तीच्या सोयी बंद केल्या तर चालेल, बिल छापणं चालूच राहिलं पाहिजे. आणि बोर्ड जळून मशीनच गेलं तर जुनं लायसन्स तुमच्या बाजूने रद्द करून नवं देण्याची सोय आधीच करून ठेवा. मेलेल्या मशीनवर जाऊन 'डिॲक्टिव्हेट' दाबा असं सांगणाऱ्या प्रोग्रॅमचा तिथे काही उपयोग नाही. कोणते नंबर वाचतो आणि कशासाठी, हे बसवतानाच ग्राहकाला दोन ओळींत सांगा.

नवी आवृत्ती पाठवण्याआधी पेन ड्राइव्ह लावून मशीन सुरू करून पाहा, मोबाइल केबलने नेट देऊन पाहा, वायफाय डिसेबल करून पाहा, साध्या युजरने लॉगिन करून पाहा, ३२ बिट बिल्ड ६४ बिट विंडोजवर चालवा आणि नव्याने बसवलेल्या विंडोज ११ वर एकदा चालवा. सीरियल नंबरच्या जागी 'डिफॉल्ट स्ट्रिंग' असलेला एखादा स्वस्तातला बोर्ड हाताशी ठेवा. सोलापुरात तो कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात मिळेल.